नाव ठेवणे

शास्त्रपाठ : मत्तय १:१८-२५, निर्गम २:१-१०



नाताळच्या दिवसांत मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय बहुतेक मंडळ्यांत वाचला जातो. ऐकणाऱ्याचे लक्ष कुमारीच्या गर्भधारणेपाशी आणि 'इम्मानुएल' या नावापाशी थांबते, व अध्यायाचे शेवटचे वाक्य उरकल्यासारखे वाचून संपते. त्या वाक्यात योसेफ बाळाचे नाव येशू ठेवतो. पित्याने मुलाचे नाव ठेवणे म्हणजे 'हे मूल माझे' असे सर्वांसमक्ष कबूल करणे होते. मत्तयाने अब्राहामापासून योसेफापर्यंत जी वंशावळ ओळीने मांडली आहे, तिच्यातील शेवटचा दुवा या एका कृतीने जोडला जातो. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही अशा बाळाला एका सुताराने दाविदाच्या घराण्यात घेतले, ते नाव ठेवून.

तथापि योसेफाने ते नाव निवडले नव्हते. ते त्याला स्वप्नात सांगण्यात आले होते. मुलाला घरातल्या कोणाचे तरी नाव द्यावे अशी अपेक्षा असे. जखऱ्याच्या घरी शेजारी व आप्तजन याच मुद्द्यावर कसे अडून बसले ते लूक सांगतो. योसेफाच्या बापाचे नाव याकोब होते, आणि ते काही कमी थोर नाव नव्हे. पण मुलाबरोबर जे नाव आले होते तेच योसेफाने ठेवले.

आपली मराठी येथे मदतीला येते. 'ठेवणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : वस्तू तिच्या जागी मांडणे हा एक, आणि असलेली वस्तू न टाकता सांभाळणे हा दुसरा. बारशाच्या वेळी पहिला अर्थ आपल्या मनात असतो. दत्तक घेतलेल्या मुलाच्या बाबतीत दुसराही लागू पडतो काय, हा या लेखाचा विषय आहे. (अनेकवचनी 'नावे ठेवणे' म्हणजे काय, हे मंडळीच्या सभासदांना वेगळे सांगण्याची गरज नाही.)

विषय निघाला तो भिलाईतील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात. आजोबा मूळचे भंडारा जिल्ह्यातील, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी व जावई परदेशी नोकरीस आहेत. त्यांनी रीतसर मार्गाने एका संस्थेतील चार वर्षांची मुलगी दत्तक घेतली. दत्तकाचा आदेश झाला म्हणजे मुलाचा जन्मदाखला नव्याने मिळतो. त्यावर दत्तक आईवडिलांची नावे येतात आणि मुलाचे नाव त्यांना हवे ते लिहिता येते. त्यापुढे पारपत्र, विमान आणि परका देश. म्हणजे जे ठरवायचे ते दाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी ठरवायचे.

घरात तीन मते होती. आजोबांना शास्त्रातील नाव हवे होते. आजींना आपल्या धाकट्या मुलीचे नाव हवे होते. ती सहाव्या वर्षी तापाने गेली, त्याला आता चाळीस वर्षे झाली. जावयाचे म्हणणे, नाव लहान असावे, तिकडच्या शिक्षकांच्या जिभेवर सहज बसावे. मी शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो, नावांचे अर्थ मला ठाऊक असतात, म्हणून मला बोलावणे आले. मी विचारले, 'आज तिला काय म्हणतात?' तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मुलीला नाव होते, आणि ते एका देवीचे होते. संस्थेत आली त्या दिवशी ते तिने स्वतः सांगितले अशी कागदपत्रांत नोंद आहे. तिच्या आधीच्या आयुष्याविषयी त्या कागदांत याखेरीज फारसे काही नाही. ते नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते तिचे आहे.

आजोबांचा प्रश्न सरळ होता : ख्रिस्ती घरात देवीच्या नावाने हाक कशी मारायची? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि आपल्या अनेक घरांतला आहे. त्याला शास्त्रातूनच उत्तर दिले पाहिजे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण सहसा वाचत नाही, कारण त्यात नुसती नावे आहेत. भाषांतरकाराला मात्र तो टाळता येत नाही. त्या नावांत फिबी आहे. हे अर्तमी देवीचे एक उपनाम. हर्मेस आहे, हे तर साक्षात ग्रीक देवाचे नाव. इतरत्र अपुल्लोस भेटतो, त्याच्या नावात अपोलो दैवत आहे. आणि फिलिप्पैच्या मंडळीने ज्याच्या हाती पौलाला मदत पाठवली त्या एपफ्रदीताच्या नावात अफ्रोदिती, ग्रीकांची प्रेमदेवता. लुस्त्र नगरातील लोकांनी पौलाला हर्मेस समजून त्याच्यापुढे यज्ञ करण्याची तयारी केली, तेव्हा बर्णबा व पौल यांनी आपली वस्त्रे फाडली (प्रे. कृ. १४). तोच पौल रोममधील हर्मेस नावाच्या बंधूला सलाम कळवतो आणि नाव बदलण्याविषयी चकार शब्द काढत नाही. हर्मेसाची पूजा आणि हर्मेस नावाचा भाऊ यांतला फरक त्याला स्वच्छ दिसत होता. फिबीविषयी तर तो लिहितो ते एखाद्या मंडळीने आपल्या सेविकेविषयी लिहावे अशा आदराने.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक नारायण वामनच राहिले, आणि पाच वर्षांनी लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या. ज्यांची गीते आपण आजही गातो ते सांगळे कृष्णराव होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला, तेव्हा त्यांना 'मेरी रमा' हे नाव मिळाले. त्यात 'रमा' राहिले हे लक्षात घ्यावे. आणि मूळ भाषांतून मराठीत शास्त्र आणणाऱ्या त्या विदुषीला आज कोणी मेरी म्हणून ओळखत नाही.

येथे कोणी म्हणेल, देवाने अब्रामाचा अब्राहाम केला, याकोबाचा इस्राएल केला. खरे आहे. पण ती नावे देवाने दिली, वचनासह दिली, आणि ज्यांना दिली ते जाणते पुरुष होते. शिवाय इस्राएल हे नाव मिळून कित्येक वर्षे लोटल्यावर, मिसरात जाताना भयभीत झालेल्या त्या म्हाताऱ्याला देव रात्री हाक मारतो ती 'याकोबा' अशी, दोनदा (उत्पत्ती ४६:२). त्याच्या आईने ज्या नावाने त्याला वाढवले त्या नावाने. शौलाचे उदाहरण तर आपण उपदेशपीठावरून नेहमी उलटे सांगतो. दिमिष्काच्या वाटेवर त्याचे नाव बदलले असे लूकने कोठेही लिहिलेले नाही. शौल याला पौलही म्हणत, एवढेच तो सांगतो, आणि तेही पुढे कुप्र बेटावरील हकिकतीत (प्रे. कृ. १३:९). इब्री घरात एक नाव, रोमी जगात दुसरे, दोन्ही त्याचीच. वाटेवर प्रभूने हाक मारली ती इब्री भाषेत, घरच्या नावाने.

हे आजोबांना पटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी विचारले, 'मग आपली म्हणून तिच्यावर काही खूण नको काय?' या प्रश्नाला पौलाचा एक शब्द उत्तर देतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आपल्या तारणाचे वर्णन करताना तो जो शब्द वापरतो, तो ग्रीकमध्ये 'ह्युओथेसिया' असा आहे : ह्युओस म्हणजे पुत्र, आणि थेसिस म्हणजे ठेवणे. पुत्र म्हणून ठेवणे. मराठीतील 'दत्तक' म्हणजे 'दिलेला'. या शब्दाचे तोंड देणाऱ्याकडे आहे. ग्रीक शब्दाचे तोंड घेणाऱ्या घराकडे आहे. ज्या रोमी लोकांना पौल लिहीत होता त्यांच्या थोर घराण्यांत दत्तक पुत्र नव्या पित्याचे नाव घेई, आणि आपल्या जन्मघराण्याचे नाव शेवटी जोडून ठेवी. एमिलियस घराण्यात जन्मलेला मुलगा स्किपिओच्या घरात दत्तक गेला तो स्किपिओ एमिलियानस झाला. नव्या घराचा पूर्ण वारसा त्याला मिळाला, आणि तो कोठून आला हे त्याच्या नावात राहिले.

आपल्याकडील राजघराण्यांची रीत निराळी होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळला १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतले, तेव्हा गोपाळ नाहीसा झाला व सयाजीराव उरले. गादीला पूर्वजांचे नाव लागते. देवाच्या घरात गादी चालवण्याचा प्रश्न नाही. तेथे पुत्र आधीच आहे, आणि आपण सर्व त्याच्याबरोबर वारस म्हणून आत घेतले गेलो आहो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या मंडळीचे सारे तारणशास्त्र दत्तकाच्या उपमेवर उभे आहे, त्या मंडळीच्या सभासदांना या देशात फार काळ मूल दत्तक घेता येत नव्हते. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे. परदेशी जाणारी मुलेही त्याच कायद्याखाली जात. त्यांच्याविषयी नियम घालून दिले ते सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात. बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक मूल पूर्णार्थाने आपले म्हणता आले. २०१५ च्या कायद्याने तर मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छाही विचारात घ्यावी असे म्हटले आहे. नावाच्या बाबतीत त्या चार वर्षांच्या मुलीला कोणी विचारले होते काय? विचारण्याची गरज नव्हती, कारण तिने आपण होऊन सांगितले होते.

आजींच्या मताकडे येताना मला फार जपून बोलावे लागले. चाळीस वर्षे ज्या नावाने घरात कोणाला हाक मारली नाही, ते नाव पुन्हा ऐकावे ही तहान कोणत्या आईला नसेल? झाशीच्या लक्ष्मीबाईंचा पुत्र दामोदर चार महिन्यांचा होऊन वारला. १८५३ साली त्यांनी व गंगाधररावांनी आनंद नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. वियोगाचे दुःख समजते. पण त्या लहानग्या आनंदला आपल्या जागी दुसऱ्याच कोणाला हाक मारली जात आहे असे वाटले नसेल काय? पवित्र शास्त्रातील पहिली पुत्रशोक झालेली आई हव्वा. हाबेलाच्या जागी देवाने मला दुसरे संतान दिले असे ती म्हणते, आणि त्या मुलाचे नाव शेथ ठेवते. हाबेल ठेवत नाही. हाबेलाची जागा मोकळी राहिली आणि शेथाला स्वतःची जागा मिळाली. राहेल मरता मरता आपल्या बाळाला बेनओनी, म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', म्हणाली. याकोबाचे तिच्यावर निरतिशय प्रेम होते, तरीही ते नाव त्याने राहू दिले नाही. आईचे दुःख मुलाने आयुष्यभर अंगावर वागवू नये म्हणून त्याने त्याला बन्यामीन म्हटले.

यावरून हेही दिसते की प्रत्येक नाव सांभाळण्याजोगे असतेच असे नाही. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात 'नकुशा' नाव असलेल्या २८५ मुलींची नावे सरकारी समारंभात बदलण्यात आली. मुलगी नको होती, म्हणून नकुशा. असे नाव म्हणजे शाळेच्या हजेरीत रोज घेतली जाणारी शिवी, आणि ती पुसणे हे सुवार्तेचेच काम आहे. दत्तक आलेल्या मुलाचे नाव अशा जातीचे असेल तर याकोबाप्रमाणे वागावे.

जावयाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. परक्या शाळेत ज्याचे नाव रोज चुकते त्या मुलाचे हाल होतात. पण सोयीसाठी नाव बदलण्याचा शास्त्रातील नमुना बाबेलच्या दरबारातला आहे. खोजांच्या सरदाराने दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या या चौघांना नवी नावे दिली. मूळ चारही नावांत इस्राएलाच्या देवाचे नाव होते. नव्यांत ते उरले नाही. त्यांपैकी तिघे भट्टीत गेले ते बाबेलच्या नावांनी, आणि देवाने त्यांना त्या नावांसह बाहेर काढले. (भट्टी म्हणजे काय, हे भिलाईत समजावून सांगावे लागत नाही.) परंतु राजाच्या नोकराने केलेले काम आईवडिलांनी कशाला करावे?

माझ्या धंद्यातील एक साधा नियम येथे उपयोगी पडेल. शास्त्राचे भाषांतर करताना आम्ही विशेषनामांचे भाषांतर करत नाही. बेथलेहेमला 'भाकरीचे घर' म्हणत नाही. नाव एका भाषेतून दुसरीत येताना त्याचा उच्चार थोडा झिजतो, थोडा वळतो. येशुआ ग्रीकमध्ये इएसूस झाला आणि आपल्याकडे येशू. पण हाक मारली तर ती त्यालाच पोहोचते. (केफाचा पेत्र झाला हा अपवाद खुद्द योहानानेच समजावून सांगितला आहे.) तिकडच्या शिक्षकांनी मुलीचे नाव जरा वेगळे उच्चारले तर बिघडत नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या काळात अनेक रशियन तंत्रज्ञ येथे राहत होते. त्यांची लांबलचक नावे येथील कामगार आपल्या परीने म्हणत, आणि ते ओ देत. कारखाना परदेशी मदतीने उभा राहिला आणि त्याला नाव मिळाले ते दुर्ग जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्याचे. ते म्हणायला मॉस्कोतही कोणाला जड गेले नाही.

दोन मुलांची हकिकत मी त्या घरी सांगितली. १९७९ साली पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाशी संलग्न 'श्रीवत्स' संस्थेत होती. तेथे तिचे नाव लैला होते. हरेन व स्यू स्थळेकर यांनी तिला दत्तक घेतले तेव्हा ती अवघी तीन आठवड्यांची होती. तिचे नाव लिसा झाले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघाचे कर्णधारपद भूषवणारी लिसा स्थळेकर ती हीच. दुसरा मुलगा खांडव्याचा. १९८६ साली, पाच वर्षांचा असताना, आगगाडीत झोप लागून तो कलकत्त्यास पोहोचला. कोणी विचारले तर तो आपले नाव सारू सांगे. पुढल्या वर्षी टास्मानियातील ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतले आणि ते नाव तसेच ठेवले. २०१२ साली तो शोध घेत आईपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याला कळले की आपले खरे नाव शेरू होते. लहानपणी ते आपल्या जिभेवर नीट बसले नव्हते. पंचवीस वर्षे दूर देशात त्याच्याजवळ आईच्या हाकेचा तेवढा एक बोबडा तुकडा होता.

तीन आठवड्यांच्या बाळाने अजून कोणत्याच नावाला ओ दिलेली नसते. तेथे आईवडिलांना मोकळीक अधिक आहे. पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, आणि ती त्याच्यामागे जातात ती त्याचा आवाज ओळखून, असे प्रभूने म्हटले आहे (योहान १०). मुलीला नवी माणसे, नवी भाषा, नवे अन्न, नवी थंडी, सारे एकदम सोसायचे आहे. तेथे तिच्या ओळखीची एक तरी गोष्ट हाकेत असावी.

ज्यांनी पूर्वीच मुलांची नावे बदलली आहेत, त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. मोशेकडे पाहावे. दूध तुटेपर्यंत तो योखेबेदेजवळ होता. त्या घरात त्याला काहीतरी नावाने हाक मारत असतील, पण शास्त्र ते सांगत नाही. फारोच्या कन्येने त्याला पुत्र केले आणि मोशे म्हटले. मिसरी भाषेत या नावाचा अर्थ 'पुत्र' असा होतो असे बहुतेक अभ्यासक मानतात. थुतमोस, रामसेस या राजांच्या नावांत तोच शब्द आहे. इब्री कानाला मात्र त्यात 'पाण्यातून ओढून काढलेला' असा अर्थ ऐकू येतो, आणि निर्गमकर्त्याने तोच राजकन्येच्या तोंडी घातला आहे. परकीय, मूर्तिपूजक दत्तक आईने ठेवलेले ते नाव देवाने झुडपातून दोनदा उच्चारले. त्याने दुसरे नाव शोधले नाही. मला त्या राजकन्येचे मोठे वाटते ते याच्यासाठी की बाळ नदीत सापडले ही गोष्ट तिने लपवली नाही. त्याच्या नावातच ती राहू दिली.

भिलाईतील त्या घरी शेवटी ठरले ते असे. मुलीचे नाव आहे तेच दाखल्यावर राहिले. त्यापुढे बापाचे नाव आणि आडनाव आले. मधले नाव म्हणून आजोबांनी हन्ना सुचवले, ते जावयाला आवडले. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी तिचे नाव उच्चारले, आणि ज्या नावाने तिला बाप्तिस्मा दिला ते नाव पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे होते. ते आपल्यापैकी कोणाचेच निवडलेले नाही. आजोबा आता दूरध्वनीवर तिला तिच्या नावाने हाक मारतात, प्रथम जरा अडखळत मारत. आजींच्या तोंडून अजून ते येत नाही. त्या तिला 'बाळ' म्हणतात, आणि मुलगी त्या हाकेलाही ओ देते. आजींना मी याविषयी काही बोललेलो नाही.